विद्यापीठ कायद्याची मराठी प्रत : घ्यावी का?

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 ची मराठी प्रत ठाण्यात कोर्टनाक्याजवळच्या एका दुकानातून घेतली. मी इथल्याच एका अनुदानित कॉलेजच्या ऑफिसात काम करते. 1 मार्च 2017 ला हा कायदा लागू झाला, पण आमच्या कपाटात 1994 च्या कायद्याचीच प्रत पडून होती.

एकट्या कलम 8 साठी पैसे वसूल. आमच्याकडे तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या मॅडम दर जूनमध्ये विद्यापीठावर चिडतात : नवीन पदं का देत नाही? त्यांच्यापुढे पान उघडून ठेवलं. शासनाच्या पूर्वमान्यतेशिवाय विद्यापीठ नवं पद निर्माण करू शकत नाही, वेतन-भत्ते बदलू शकत नाही, स्वतःची जमीन विकू शकत नाही की भाडेपट्ट्याने देऊ शकत नाही. संलग्न कॉलेजांबाबत शासनाचा आर्थिक बोजा वाढेल असा निर्णयही नाही! शासनाचा वाटा नसलेल्या पैशातून ठरावीक मुदतीची पदं मात्र काढता येतात. मॅडमनी ते कलम दोनदा वाचलं आणि मोबाइलवर फोटो काढला. कलम 3 मध्ये विद्यापीठ म्हणजे कायद्याच्या नजरेत स्वतंत्र व्यक्ती, स्वतःच्या नावावर मालमत्ता धरणारं. आणि पाचच कलमांनंतर हात असे बांधलेले. हे मला मनापासून खटकतं. दीडशे वर्षांहून जुन्या मुंबई विद्यापीठाला साध्या पदासाठी मंत्रालयाकडे बघावं लागू नये.

अधिसभेचं, म्हणजे विद्यापीठाच्या सिनेटचं, कलम 28 पदवीधरांनी तरी वाचाच. आपल्यातून 10 सदस्य निवडून जातात, त्यातल्या 5 जागा राखीव. पण नोंदणी केल्याशिवाय मत नाही. सिंधुदुर्गापासून पालघरपर्यंत सात जिल्ह्यांचं मुंबई विद्यापीठ, आणि सप्टेंबर 2024 च्या निवडणुकीत मतदार 13 हजारांच्या थोडे वर. ठाण्यात एकेका सोसायटीत किती पदवीधर असतील!

छपाई ठीक, कागद पातळ, मागची अक्षरं दिसतात. विषयसूची नाही, त्यामुळे 'परीक्षा' शोधायला सगळं चाळावं लागतं. भाषा सरकारी आहे, पण इंग्रजी प्रतीपेक्षा आमच्या शिपाईमामांनाही लवकर कळली.

माझ्या प्रतीत नंतरच्या सुधारणा शेवटी वेगळ्या जोडल्यात, त्यामुळे दर वेळी दोन ठिकाणी बघावं लागतं. सुधारणा त्या-त्या कलमातच धरलेली आवृत्ती मिळाली तर तीच घ्या, चार पैसे जास्त गेले तरी चालतील.