भांडी बाजारातले नाव घालणारे काका: न्गोझीपासून केहिंदेपर्यंत सगळी ताटं बिनचूक

नाशिकमध्ये भांड्यावर हाताने नाव घालून हवं असेल तर रविवार कारंजावर गाडी लावा आणि सराफ बाजारातून चालत भांडी बाजारात जा. गल्ल्या अरुंद आहेत, आत गाडी नेण्यात अर्थ नाही. तिथे एका भांड्यांच्या दुकानाच्या ओट्यावर बसून एक काका छिन्नी-हातोडीने नावं घालतात. अक्षरामागे पाच रुपये, जोडाक्षर एकच धरतात. माझ्याकडून त्यांना पाचपैकी पाच तारे. का, ते जरा सविस्तर सांगते, कारण माझं काम सोपं नव्हतं.

माझी त्र्यंबक रोडला मेस आहे. जेवायला येणाऱ्यांत घाना आणि नायजेरियाहून शिकायला आलेली मुलं-मुली बरीच आहेत. प्रत्येकाचं ताट वेगळं असावं आणि त्यावर नाव मराठीत असावं, ही त्यांचीच हौस. आधी एका मशीनवाल्याकडून नावं टाकून आणली होती. त्याने इंग्रजी यादी बघून मनाने अक्षरं लावली. न्गोझीच्या ताटावर ‘नागोजी’ आलं, आणि घासणीने तेही लवकरच पुसट झालं. पोरगी एका शब्दाने बोलली नाही, पण कायम दुसऱ्याचं बिननावाचं ताट घ्यायची. मला ते फार लागलं. आईबापांनी ‘आशीर्वाद’ म्हणून ठेवलेलं नाव आहे ते.

काकांनी माझी यादी हातातही घेतली नाही. “नाव कानावर आल्याशिवाय मी छिन्नी लावत नाही, ताई.” म्हणून सगळ्यांकडून मोबाइलवर आपापलं नाव म्हणून घेतलं आणि ते घेऊन गेले. काका फोन कानाला लावून एकेक नाव दोन-तीनदा ऐकायचे, मग स्वतः मोठ्याने म्हणायचे, मग मार्करने काठावर अक्षरं आखायचे. न्गोझीपाशी ते बराच वेळ थांबले. सुरुवातीचा न जवळजवळ नाकातच राहतो, त्याला पूर्ण अक्षराची जागा दिली तर पुन्हा ‘नागोजी’ होणार. त्यांनी ‘ग’च्या पोटाशी बारीक अर्धा न आखला, मला दाखवला, आणि ताट लाकडी ठोकळ्यावर टेकवून टिंबाला टिंब लावत कोरायला घेतलं. प्रत्येक घाव सारख्या खोलीचा. आता काथ्याने घासा नाहीतर तारेच्या घासणीने, अक्षर हलत नाही.

हात चालू असताना ते अर्थ विचारतात. एरवी उगाच चौकशा करणाऱ्यांचा मला कंटाळा येतो, पण इथे त्याचा उपयोग झाला. माझ्याकडे कोफी दोन. का, तर दोघेही शुक्रवारचे. घानातल्या अकान लोकांत मूल ज्या वारी जन्मतं त्या वाराचं नाव त्याला जन्मतःच लागतं. नामकरण आठव्या दिवशी होतं, पण वाराचं नाव ठरवावं लागत नाही. सोमवारचा क्वाद्वो, मंगळवारचा क्वाबेना, बुधवारचा क्वाकू, गुरुवारचा याव, शनिवारचा क्वामे, रविवारचा क्वासी. मुलींची वेगळी: मंगळवारची अबेना, शनिवारची आमा, रविवारची अकोसुआ. काका लगेच म्हणाले, आमच्या पेठ-सुरगाण्याकडे सोमा, मंगळ्या, बुध्या आहेतच की.

मग दोन कोफींची ताटं ओळखायची कशी? काकांनीच सुचवलं, पुढचं नाव घाला. एक कोफी मेन्सा, दुसरा कोफी बादू. मेन्सा म्हणजे तिसरा मुलगा, बादू म्हणजे दहावं अपत्य. आता ही नावं आडनावासारखी पुढे चालतात, त्यामुळे आमचा बादू घरात दहावा नाही, थोरला आहे. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान यांचं पूर्ण नाव कोफी अत्ता अन्नान. ८ एप्रिल १९३८ला कुमासीत जन्मले, तो शुक्रवार होता. अत्ता म्हणजे जुळ्यातला, अन्नान म्हणजे चौथा. त्यांची जुळी बहीण एफुआ, म्हणजे शुक्रवारचीच. हे मला मेन्साने जेवता जेवता सांगितलं होतं आणि मी काकांना सांगितलं, तेव्हा त्यांनी हातोडी खाली ठेवून ऐकलं.

ओकोंक्वोचं ताटही असंच गप्पांत झालं. नायजेरियातल्या इग्बो लोकांचा जुना आठवडा चार दिवसांचा: एके, ओरिये, आफो आणि न्क्वो. बाजारही याच दिवसांचे. ओकोंक्वो म्हणजे न्क्वोच्या दिवशी जन्मलेला मुलगा.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो दुरोजाये या आडनावाला. नायजेरियातल्याच योरुबा भाषेत त्याचा अर्थ ‘थांब, आयुष्य उपभोग’. ज्या घरात मुलं जगत नाहीत तिथे पुढच्या बाळाला अशी विनवणीची नावं ठेवायची रीत होती. मालोमो हे त्यातलंच, ‘पुन्हा जाऊ नकोस’. अकान लोकांत तर अशा बाळाला सुमिना म्हणत, म्हणजे उकिरडा, म्हणजे मृत्यूलाही ते नकोसं वाटावं. आपल्याकडे दगडू, केरू, कचरू ही नावं ठेवली जायची ती याच भीतीने. काकांचे आजोबा दगडू, आधीची दोन भावंडं गेल्यावर झालेले. ते ताट काकांनी फार जपून केलं. मला वाटतं, आमच्या सगळ्या ताटांत त्याचीच अक्षरं सर्वांत देखणी आहेत.

केहिंदे मात्र स्वतः माझ्याबरोबर आला होता. जुळा आहे म्हटल्यावर काकांनी विचारलं, थोरला की धाकटा? तो म्हणाला, मागून आलो, म्हणून थोरला! योरुबांत आधी बाहेर येतो तो ताइवो, जगाची चव घेणारा. केहिंदे मागून येतो, पण थोरला तोच, कारण जग कसं आहे ते बघून ये म्हणून त्यानेच ताइवोला पुढे धाडलेलं असतं. काकांना हे इतकं पटलं की त्यांनी दुकानातून एक स्टीलची वाटी मागवली, तिच्यावर ‘ताइवो’ कोरलं आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. वाटी आता नायजेरियातल्या इबादानला पोचली आहे.

उणीव सांगायची तर काम सावकाश होतं. ढीगभर भांडी ठेवून तासाभराने न्यायला येतो म्हणाल तर ते घेणार नाहीत. इंग्रजी अक्षरं घालत नाहीत. फोनवर ऑर्डर नाही, पैसे रोखच. पण हिशोब चोख: कोफीचे दहा रुपये आणि चुक्वुएमेकाचे पंचवीस, त्यावर एक रुपया नाही.

बुधवारी शक्यतो जाऊ नका, गोदाघाटावर आठवडे बाजार असतो आणि त्या भागात गर्दी होते. धनत्रयोदशीच्या आसपास तर भांडी बाजारात पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा दिवाळीची भांडी असतील तर नवरात्रातच देऊन या. आणि नाव आपल्या ओळखीचं नसेल तर ज्याचं आहे त्याच्याच आवाजात भरून न्या.