खिशातली टॉर्च: एक एए की दोन एएए?

पुण्यात तापकीर गल्लीत खिशात मावणाऱ्या टॉर्च पाहायला गेले, की मुख्यतः दोन प्रकार समोर येतात: एका एए सेलवर चालणारी आखूड टॉर्च आणि दोन एएए सेल एकामागे एक बसणारी, पेनासारखी बारीक टॉर्च. एए सेलचा व्यास १४.५ मिलिमीटर आणि एएएचा १०.५, त्यामुळे शर्टाच्या खिशाला बारीक टॉर्च सोयीची, हे मान्यच आहे. मात्र अल्कलाइन एए सेलची क्षमता साधारण २५०० मिलिअँपिअर-तास आणि एएएची जेमतेम १२०० असल्याने, दोन बारीक सेल मिळूनही एका जाड सेलपेक्षा जास्त ऊर्जा देत नाहीत. पांढऱ्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट लागतात. एका सेलच्या टॉर्चमध्ये त्यासाठी व्होल्टेज वाढवणारे सर्किट असते आणि ते चांगले असेल, तर सेल उतरत आला तरी उजेड बराच वेळ टिकतो. अंधारात सिंहगड चढणाऱ्यांनी, माझ्या मते, एए सेलचीच टॉर्च घ्यावी, कारण वाटेत एकच सेल बदलावा लागतो. घेताना मागचे झाकण उघडून आट्यांपाशी रबरी रिंग आहे का, हे जरूर पाहावे. पावसाचे पाणी तीच अडवते.