घरच्या ध्वनिमुद्रणासाठी शुअर एसएम ५८ : शिकणाऱ्या गायकाचा अभिप्राय

मिरजेतल्या आमच्या घरी मी ज्या खोलीत रियाज करतो ती दहा बाय बारा फुटांची आहे. खाली शहाबादी फरशी, वर स्लॅब, एका भिंतीला लोखंडी कपाट आणि दुसऱ्या भिंतीत रस्त्याकडे उघडणारी खिडकी. दीड वर्षापूर्वी गुरुजींनी आठवड्याचा रियाज मुद्रित करून पाठवायला सांगितले, आणि तेव्हापासून गाण्याबरोबर ध्वनिमुद्रणाचाही अभ्यास सुरू झाला. त्यातले गेले वर्षभर मी शुअर कंपनीचा एसएम ५८ हा माइक वापरतो आहे. व्यासपीठावरचा माइक म्हणून तो सर्वांना ठाऊक आहे. त्याची जाळीदार गोल टोपी भजनात, सभेत, गणपतीच्या मांडवात आपण कुठे ना कुठे पाहिलेली असते. ज्या घरात ध्वनीसाठी वेगळी सोय केलेली नाही, अशा घरात शिकणाऱ्याने पहिला माइक म्हणून हाच घ्यावा, असे माझे मत झाले आहे.

सुरुवात मात्र मी दुसऱ्या माइकने केली होती. घरी मुद्रण करायचे तर कंडेन्सरच (विजेच्या पुरवठ्यावर चालणारा, जास्त संवेदनशील माइक) हवा, असे अनेकांकडून ऐकून मी स्वस्तातला एक कंडेन्सर माइक घेतला आणि तो तोंडापासून फूटभर अंतरावर लावला. पहिल्याच मुद्रणात माझा षड्ज होता, पण त्याच्याबरोबर पंख्याची घरघर, कुकरची शिट्टी, खालून जाणारी रिक्षा आणि या सगळ्यावर पसरलेला खोलीचा पोकळ घुमारा होता. मग मी ऑडॅसिटी या मुद्रणाच्या संगणक-प्रणालीतले नॉइज रिडक्शन, म्हणजे गोंगाट पुसण्याची सोय, लावून पाहिले. पंखा गेला, पण त्याच्यामागोमाग तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांची रुणझुणती गाज, हीही गेली आणि गळा पाण्याखालून आल्यासारखा ऐकू येऊ लागला. पंख्याच्या वाऱ्याचा आवाज आणि जवारीतून उठणारे वरचे बारीक स्वर पुष्कळदा कंपनांच्या एकाच पट्ट्यात असतात, त्यामुळे एक पुसताना दुसरा पुसला जातो. गोंगाट नंतर काढण्यापेक्षा तो आत येऊच द्यायचा नाही, हा धडा मला तिथे मिळाला.

एसएम ५८ हा डायनॅमिक प्रकारचा माइक आहे. त्याच्या पडद्याला तारेचे बारीक वेटोळे जोडलेले असते, ते चुंबकाच्या क्षेत्रात हलते आणि त्या हालचालीतून वीज निर्माण होते. त्यामुळे कंडेन्सरला लागणारा ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा (केबलमधूनच माइकला मिळणारी वीज) याला लागत नाही. शिकागोत १९२५ साली सुरू झालेल्या शुअर कंपनीने हा माइक १९६६ मध्ये बाजारात आणला. त्याच्या नावातील ‘एसएम’ ही अक्षरे ‘स्टुडिओ मायक्रोफोन’ या शब्दांची आहेत. व्यासपीठावर नावारूपाला आलेल्या या माइकचे नाव मुळात स्टुडिओवरून पडले, याचे मला अजूनही अप्रूप वाटते.

डायनॅमिक माइक खोलीचा आवाज घेतच नाही, असे बरेच जण सांगतात, पण ते तितकेसे खरे नाही. समोरचा आवाज जेवढा येतो, त्याच्या प्रमाणात खोलीही येतेच. फरक पडतो तो अंतरामुळे. मोकळ्या जागेत आवाजाच्या उगमापासूनचे अंतर निम्मे केले की आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो, पण खोलीचा घुमारा सर्वत्र जवळपास सारखाच राहतो. म्हणजे तीस सेंटिमीटरवरून साडेसात सेंटिमीटरवर आलो, तर घुमाऱ्याच्या तुलनेत गळा साधारण १२ डेसिबलने पुढे येतो. इतक्या जवळून गाता यावे यासाठीच हा माइक बनवलेला आहे. त्याच्या गोल टोपीच्या आत स्पंजाचे अस्तर असते, ते ‘प’, ‘फ’, ‘भ’ या अक्षरांबरोबर सुटणारा श्वासाचा झोत बऱ्याच अंशी अडवते, आणि आतली कॅप्सूल, म्हणजे आवाज टिपणारा भाग, धक्के शोषून घेईल अशी बसवलेली असते. तरीही बंदिशीत महाप्राण अक्षरे फार असतील, तर मी माइक तोंडासमोर सरळ न धरता ओठांच्या कोपऱ्याकडे थोडा तिरपा ठेवतो. झोत बाजूने निघून जातो आणि शब्द स्पष्ट राहतात.

जवळिकीचा दुसरा परिणाम गाणाऱ्याला विशेष जपून हाताळावा लागतो. एका दिशेने ऐकणारा कोणताही माइक तोंडाच्या अगदी जवळ आणला की खालचे स्वर फुगतात. मी काळी एकमध्ये गातो, म्हणजे माझा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झवर आणि खर्जाचा षड्ज त्याच्या निम्म्यावर, ६९ हर्ट्झच्या आसपास येतो. कंपनीने या माइकचा पट्टा ५० ते १५,००० हर्ट्झ असा दिला असला, तरी १०० हर्ट्झच्या खाली त्याची ग्रहणशक्ती हळूहळू उतरत जाते. त्यामुळे दूर राहून केलेला खर्जाचा रियाज मुद्रणात पातळ वाटतो, आणि तोच चार बोटांच्या अंतरावर केला की भरीव उतरतो. मध्य सप्तकात मात्र तेवढेच अंतर ठेवले तर आवाज जड आणि कोंदट होतो, म्हणून तिथे वीतभर मागे सरकावे लागते, आणि तार षड्जाला त्याहूनही मागे. सुरुवातीला मी हे मुद्दाम मोजून करीत असे. आता आलापाबरोबर मान आपोआप मागेपुढे होते. इक्वलायझरने, म्हणजे खालचे-वरचे स्वर कमीजास्त करण्याच्या सोयीने, असे फरक नंतर दुरुस्त करता येतात, हे मला माहीत आहे. पण अंतर सांभाळून घेतलेल्या मुद्रणात गळ्याचा जो एकसंध पोत राहतो, तो मला नंतरच्या दुरुस्तीतून कधीच साधला नाही. यमनच्या एका मुद्रणात मंद्र निषाद किंचित उतरलेला आहे, हे गुरुजींनी ऐकताक्षणी दाखवले. आधीच्या घुमणाऱ्या मुद्रणांत ते त्यांना असे दाखवता आले नव्हते, आणि माझ्या दृष्टीने या माइकची सर्वांत मोठी पावती तीच आहे.

हा माइक पुढचे सर्वांत जास्त, बाजूचे कमी आणि पाठीमागचे सर्वांत कमी ऐकतो. त्यामुळे खिडकी आणि स्वयंपाकघराचे दार माइकच्या पाठीला येईल, असा मी बसतो. गायकाच्या मागची भिंत मात्र माइकच्या थेट समोर येते, आणि तिच्यावर आपटून परतणारा आवाज तो व्यवस्थित टिपतो. म्हणून मी माझ्या पाठीमागे दोरीवर आजीने शिवलेली जाड वाकळ टांगतो आणि फरशीवर सतरंजी अंथरतो. माइकच्या मागे वाकळ लावण्यापेक्षा स्वतःच्या मागे लावल्याने फरक अधिक पडतो, हे मी दोन्ही प्रकारे मुद्रण करून ताडून पाहिले आहे.

खरेदीपूर्वी एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. या माइकमधून निघणारा विद्युतदाब कमी असतो, आवाजाच्या एका पास्कल दाबाला सुमारे १.८५ मिलिव्होल्ट. बहुतेक कंडेन्सर माइक याच्या कित्येक पट विद्युतदाब देतात. म्हणून ऑडिओ इंटरफेसवर (माइक संगणकाला जोडणाऱ्या यंत्रावर) गेन, म्हणजे आवाज वाढवण्याचे प्रमाण, बरेच चढवावे लागते, आणि इंटरफेसचा प्रीअँप, म्हणजे तो आवाज वाढवणारा भाग, स्वच्छ नसेल तर त्याची सरसर मुद्रणात येते. सगळे पैसे माइकवर घालून इंटरफेसमध्ये फार काटकसर करणे त्यामुळे योग्य नाही. मी ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर मुद्रण करतो आणि सर्वांत मोठी तान उणे १० डेसिबलच्या आसपास (शून्य म्हणजे आवाज फाटण्याची मर्यादा) राहील असा गेन ठेवतो. २४ बिटमध्ये एवढी जागा सोडल्याने गुणवत्तेचे काही नुकसान होत नाही आणि अचानक लागलेला तार पंचम फाटत नाही.

तानपुरा हा या माइकचा प्रांत नव्हे, हे मात्र स्पष्ट सांगायला हवे. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि ज्या गावात हे वाद्य घडते तिथे राहून त्याचे मुद्रण आपल्या हातून नीट व्हावे, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. तानपुऱ्याचा आवाज हळू असतो, त्यातले सौंदर्य घोडी आणि जीव (तार आणि घोडी यांच्यामध्ये सरकवलेला दोरा) यांच्या स्पर्शातून उठणाऱ्या वरच्या स्वरांत असते, आणि ते टिपायला अधिक संवेदनशील माइक लागतो. एसएम ५८ घोडीच्या जवळ लावला तर तारेचा आघात पुढे येतो आणि भोपळ्याची गाज मागे पडते. दूर नेला तर गेन वाढवावा लागतो आणि सरसर ऐकू येते. म्हणून रियाजाच्या मुद्रणात मी तानपुऱ्याचा स्वर हेडफोनवर घेतो आणि माइकसमोर फक्त गळा ठेवतो.

किंमत दहा हजार रुपयांच्या घरात असल्याने विद्यार्थ्याला ती जड वाटणारच. मी शिकवण्यांतून जमवलेल्या पैशांत माइक घेतला. या माइकच्या हुबेहूब दिसणाऱ्या नकला बाजारात फार आहेत, त्यामुळे अधिकृत विक्रेत्याकडूनच तो पावतीसह घ्यावा. अस्सल माइकचे वजन २९८ ग्रॅम असते, आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावरही ते पाहता येते. केबल नसलेला संच घेतला तर एक्सएलआर केबल (माइक इंटरफेसला जोडणारी) आणि स्टँड यांचा खर्च वेगळा धरावा. तानपुऱ्यासाठी पुढे मी एक चांगला कंडेन्सर घेणार आहे, पण तो याच खोलीत वाकळ आणि सतरंजीनिशी आधी ऐकून पाहिल्याशिवाय नाही.