हेराक्लीस की हर्क्युलिस, ओडिसियस की युलिसिस?

दोन्ही जोड्यांत नायक एकच, फरक पडला तो वाटेत. ग्रीक पुराणकथांतला हेराक्लीस इटलीतल्या प्राचीन इट्रुस्कन लोकांकडे ‘हेर्क्ले’ झाला आणि रोममध्ये हर्क्युलिस. ओडिसियसचा लॅटिन अवतार ‘उलिक्सेस’. त्यातला ‘ल’ रोमनांनी पदरचा घातलेला नाही. अथेन्सच्या रंगीत भांड्यांवरही ‘ओलित्तेउस’सारखी रूपं लिहिलेली सापडतात.

रोमन नावं पुढे गेली, कारण मध्ययुगात पश्चिम युरोपात ग्रीक वाचणारे फार थोडे उरले. चर्च आणि शाळा लॅटिनमध्ये चालत, कथा कळायच्या त्या ओव्हिड आणि व्हर्जिल या रोमन कवींकडून. ही सवय इतकी पक्की, की १८२० मध्ये मिलोस या ग्रीक बेटावर सापडलेला ग्रीक देवी ॲफ्रोडाइटीचा पुतळा आजही पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात ‘व्हीनस’ या रोमन नावानंच उभा आहे.

लिहिताना कोणतं घ्यावं? ग्रीक महाकवी होमरबद्दल असेल तर ओडिसियसच. मध्ययुगीन इटालियन कवी दांतेचा मात्र युलिसिसच ठेवा: दांतेला ग्रीक येत नव्हतं आणि त्याचा नायक घरी परततच नाही, समुद्रात बुडतो. हर्क्युलिस हे नाव एरवी खुशाल वापरावं, पण झ्यूस आणि हीरा ही ग्रीक देवांची नावं शेजारी आली की हेराक्लीस. ‘झ्यूसपुत्र हर्क्युलिस’ ही सर्रास दिसणारी खिचडी टाळाच.

खरी गफलत होते ग्रीक युद्धदेव आरेस आणि रोमन युद्धदेव मार्समध्ये, कारण इथे नावासोबत स्वभावही बदलतो. होमरच्या काव्यात झ्यूस आरेसला तोंडावर सांगतो, की देवांत तूच मला सर्वांत नकोसा. मार्स मात्र रोमचा संस्थापक रोम्युलस याचा बाप, शेताचा राखणदार. मार्च महिना त्याच्याच नावाचा.