कॉर्डलेस माइक घेताना आम्ही कसे फसलो

गोव्यात ज्यांचा स्वतःचा भजनाचा किंवा भावगीतांचा ग्रुप आहे आणि जत्रांचा मोसम सुरू व्हायच्या आधी स्वतःचे कॉर्डलेस माइक घ्यावेत असं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आमचे 26,000 रुपये गेले. पैशांचं दुःख आहेच, पण त्याहून मोठं दुःख एका मुलीचं आहे. ते पुढे येईलच.

आम्ही डिचोली तालुक्यातले. नोकरी-धंदा सांभाळून गाणारी अकरा माणसं. चतुर्थीत घरोघरी आरत्या-भजनं, सप्ताहात आमची भजनाची पार, आणि कार्तिकापासून पुढे जत्रांत, कालोत्सवांत अभंग आणि भावगीतांचा कार्यक्रम. साउंडवाला देवस्थान समितीचा असतो. जो माइक मिळेल तो घ्यायचा, अशी आमची वर्षानुवर्षांची पद्धत. वायरचा माइक हातात घेऊन गाणाऱ्याला दोन पावलं पुढे येता येत नाही, साडी नेसलेल्या मुलींच्या पायांत वायर अडकते, म्हणून गेल्या वर्षी ठरवलं की मानधनातून साठवलेले पैसे घालून स्वतःचा दोन माइकांचा सेट घ्यायचा.

दुकानात चौकशी केली तेव्हा नव्या, चांगल्या कंपनीच्या सेटची किंमत आमच्या आवाक्याबाहेरची निघाली. तेवढ्यात एका ओळखीच्याच्या ओळखीने एक माणूस कळला. मे महिन्याच्या शेवटी किनाऱ्यावरचे शॅक मोडतात, पावसाळ्यात काही क्लब बंद होतात, तेव्हा त्यांचा साउंडचा माल स्वस्तात निघतो हे गोव्यात सगळ्यांना माहीत आहे आणि ते खरंही आहे. हा माणूस नेमक्या त्याच खऱ्यावर आपलं खोटं उभं करत होता. बार्देशात एका भाड्याच्या गाळ्यात त्याने स्पीकर, मिक्सर, लाइट असा माल मांडला होता. क्लबवाल्याने दोनच मोसम वापरलेला शुअर कंपनीचा सेट, त्यांच्या प्रसिद्ध एसएम 58 माइकचं डोकं असलेले दोन माइक, माइकचा सिग्नल पकडून आवाज स्पीकरकडे देणारा एक रिसीव्हर, काळ्या पेटीत फोमच्या खाचांत नीट बसवलेला. त्याने माइक माझ्या हातात दिला, चार फुटांवर रिसीव्हर, बाजूला एक स्पीकर. मी एक आलाप घेतला. "पळय बाब, आवाज कसो येता!" तो म्हणाला. आवाज खरंच बरा येत होता. मग त्याने तो माइक बंद केला आणि दुसरा चालू करून दिला. एकाच वेळी दोन्ही चालू करून त्याने दाखवले नाहीत, आणि आमच्यापैकी कोणीही ते मागितलं नाही. बिल मागितलं तर म्हणाला, जुन्या मालाचं बिल कसलं? पैसे रोख घेतले.

चतुर्थीत माइक छान चालले. घरातल्या खोलीत रिसीव्हर आमच्या मांडीशीच असायचा, माइकही एकच वापरत होतो. पेटी वाजवणारे आमचे काका तेवढे एकदा म्हणाले, "बॅटरी लवकर उतरते रे." दोन तासांत नवे सेल संपत होते. आम्ही समजलो, सेल स्वस्तातले असतील. आज वाटतं, तिथेच थांबून विचार करायला हवा होता.

मार्गशीर्षात एका जत्रेत कार्यक्रम होता. देवळासमोर पत्र्याचा मांडव, स्टेज चांगलं मोठं, साउंडवाल्याचा मिक्सर मांडवाच्या दुसऱ्या टोकाला, साधारण पंचवीस मीटरवर. रिसीव्हर तिथे, मिक्सरजवळ. आमच्याकडे चौदा वर्षांची एक मुलगी गाते. स्टेजवर एकटीने अभंग म्हणायची तिची ती पहिलीच वेळ. आई-वडील, आजी, शाळेतल्या मैत्रिणी पुढच्या चटईवर बसलेल्या. पहिलं कडवं तिने असं म्हटलं की मांडवात शांतता झाली. दुसऱ्या कडव्याला ती थोडी पुढे सरकली आणि आवाज गेला. एका शब्दाचं पहिलं अक्षर आलं, दुसरं आलंच नाही. ती जागेवर परतली, आवाज आला. आम्ही खूण केली, चालू ठेव. तिने सूर धरला आणि स्पीकरमधून एकदम खर्रर्र असा मोठा आवाज आला, इतका की पुढची लहान मुलं कान धरून उठली. मी घाईने दुसरा माइक चालू करून तिच्याकडे द्यायला गेलो, तर दोन्ही माइक चालू होताच शिट्टी सुरू झाली. त्या गोंधळात मुलीने माइक खाली धरला आणि ती रडायला लागली. अभंग तिथेच थांबला. साउंडवाल्याने वायरचा माइक आणून दिला, पण ती पुन्हा उभी राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी मी विकणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला सेल बदला. मग म्हणाला तुमच्या साउंडवाल्याचा मिक्सर खराब आहे. तिसऱ्या दिवसापासून फोन लागेना. बार्देशात जाऊन आलो, गाळा रिकामा होता. गाळ्याच्या मालकाकडे त्याचा पत्तासुद्धा नव्हता. पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या माणसाने ऐकून घेतलं चांगलं, पण पहिलाच प्रश्न विचारला, बिल कुठे आहे? पैसे दिल्याचा पुरावा कुठे आहे? काहीच नव्हतं. यूपीआयने दिले असते तर निदान पैसे कोणाच्या खात्यावर गेले ते तरी दिसलं असतं.

मग फोंड्यातल्या एका जुन्या साउंडवाल्याकडे सेट घेऊन गेलो. त्यांनी तासभर घालून सगळं उघडून दाखवलं. त्या तासात जे बघितलं ते आधी बघितलं असतं तर हे घडलंच नसतं, म्हणून तपशिलात सांगतो.

आधी त्यांनी माइकची जाळी फिरवून काढली. एसएम 58 हा माइक 1966 पासून बाजारात आहे आणि त्याचा तो गोल जाळीचा आकार जगभर ओळखीचा आहे, म्हणूनच त्याची नक्कल सर्वांत जास्त होते. खऱ्या माइकमध्ये आवाज पकडणारा भाग धक्के शोषणाऱ्या बैठकीवर बसवलेला असतो, त्यामुळे हातात माइक हलला तरी धपधप स्पीकरमध्ये फारशी येत नाही. आमच्या माइकमध्ये तो भाग गोंदाने चिकटवलेला होता. गोंदाचे धागेसुद्धा दिसत होते. कंपनीचं नाव तेवढं जाळीजवळ सुबक छापलेलं.

मग रिसीव्हर. मागे दोन अँटेना. दोन कशासाठी असतात हे मला त्या दिवशी कळलं. माइकमधून निघालेली लहर थेट रिसीव्हरकडे जाते, तशी पत्र्याला, लोखंडी खांबांना आपटूनही जाते. दोन्ही वाटांनी आलेल्या लहरी काही जागी एकमेकींना खोडतात आणि तिथे आवाज गायब होतो. आमच्या माइकच्या लहरीची लांबी चाळीस सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे गायक वीतभर सरकला तरी तो चांगल्या जागेवरून मेलेल्या जागेवर जाऊ शकतो. म्हणून चांगल्या रिसीव्हरला दोन अँटेना देतात. एकीला मिळालं नाही तर दुसरीला मिळतं, आणि रिसीव्हर आपोआप चांगली बाजू निवडतो. आमच्या रिसीव्हरचं झाकण काढलं तर उजवी अँटेना फक्त पत्र्याला स्क्रूने बसवलेली होती. आतून तिला एक तारसुद्धा जोडलेली नव्हती. ती काठी निव्वळ दिसण्यापुरती होती. मी कितीतरी वेळ त्या रिकाम्या स्क्रूकडे बघत बसलो. ती मुलगी एक पाऊल पुढे आली तेव्हा काय झालं, ते मला तिथे कळलं.

खर्रर्र का आलं? चांगल्या सेटमध्ये माइक आपल्या आवाजासोबत कानाला ऐकू न येणारा एक खुणेचा सूर पाठवतो. तो सूर मिळेनासा झाला की रिसीव्हर स्वतःचं तोंड बंद करतो. लोकांना फक्त क्षणभर शांतता ऐकू येते. आमच्या रिसीव्हरला ती खूणच नव्हती. सिग्नल गेला की हवेतला सगळा कचरा तो स्पीकरवर ओतायचा. आणि दोन्ही माइक जवळजवळ एकाच फ्रिक्वेन्सीवर होते, म्हणून ती शिट्टी. एका वेळी एकच चालवला तर हा दोष जन्मभर कळला नसता.

आणखी एक गोष्ट त्यांनी दाखवली, आणि ही जुना खरा माल घेणाऱ्यांनाही लागू आहे. रिसीव्हरच्या पडद्यावर 780 मेगाहर्ट्झच्या आसपासचा फ्रिक्वेन्सीचा आकडा दिसत होता. 2022 च्या स्पेक्ट्रम लिलावात, म्हणजे सरकारने केलेल्या फ्रिक्वेन्सींच्या लिलावात, 700 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातला काही भाग मोबाइलसाठी विकला गेला. या पट्ट्यात 703 ते 748 हा भाग फोनकडून टॉवरकडे जाणाऱ्या सिग्नलचा आणि 758 ते 803 हा टॉवरकडून फोनकडे येणाऱ्याचा. म्हणजे आमचा माइक टॉवरसाठी ठरवलेल्या जागेत कुजबुजत होता. अमेरिकेत तर 700 च्या पट्ट्यातले वायरलेस माइक वापरायला 2010 पासूनच बंदी आहे. तिकडे निकामी ठरलेला जुना माल इकडे स्वस्तात कोणी देत असेल तर तो अस्सल असूनही गळ्यात पडेल.

तेव्हा घेणाऱ्यांनो, दुकानात आवाज ऐकून खूश होऊ नका. चार फुटांवर नकली माइकसुद्धा गातो. रिसीव्हर एका जागी ठेवायला सांगा आणि माइक घेऊन तुमच्या मांडवाच्या लांबीएवढं बाहेर चालत जा, रिसीव्हरकडे पाठ करून, म्हणजे मध्ये आपलं शरीर येईल अशा बेताने. तसं चालत चालत बोलत राहा. दोन्ही माइक एकत्र चालू करा. मग चालू माइकचे सेल काढा आणि स्पीकरमधून काय येतं ते ऐका. नवे सेल घालून दोन तास तिथेच बसा. विकणारा कंटाळला तर कंटाळू दे. सिरियल नंबरचा फोटो काढून कंपनीच्या भारतातल्या अधिकृत वितरकाला विचारा, नंबरच नसेल किंवा खरवडलेला असेल तर पेटी बंद करून परत द्या. पडद्यावरचा आकडा 700 ते 800 च्या घरात असेल तर विषय तिथेच संपवा. नवा माल असेल तर दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी शाखेची मंजुरी आहे का ते विचारा. दुकानातून घेत असाल तर जीएसटीचं बिल घ्याच. बिल असलं की राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या नंबरवर तक्रार तरी करता येते. आणि खासगी माणसाकडून जुनं घेत असाल तर साध्या कागदावर का होईना, वस्तू, नंबर, रक्कम आणि त्याची सही घ्या.

त्या मुलीच्या घरी मी स्वतः गेलो. आजीने चहा केला, कोणी एक शब्द बोललं नाही, त्याचंच जास्त लागलं. चूक तिची नव्हती, माइक खोटा होता, हे मी तिला त्या स्क्रूचा फोटो दाखवून समजावलं. तिने फोटो मोठा करून बघितला आणि विचारलं, "म्हणजे मी पुढे आले म्हणून नाही ना गेलं?" पौषातल्या कार्यक्रमात ती पुन्हा गायली, वायरच्या माइकवर, अभंग पूर्ण.

सेट माझ्याकडेच आहे. विकणार नाही. कोणाला उघडून बघायचा असेल त्याने बघावा. मे-जूनमध्ये शॅक मोडायला लागले की तो माणूस किंवा त्याच्यासारखा दुसरा कोणी पुन्हा गाळा मांडेल. काळी पेटी, राखाडी फोम, दोन माइक आणि मागे दोन अँटेना असलेला रिसीव्हर दिसला, तर उजवी अँटेना सोडवायला सांगा आणि डाव्या एकटीवर माइक चालवा. मग डावी सोडवून उजव्या एकटीवर चालवा. आमच्याकडे उजवीवर काहीच आलं नाही.