पॅराडाइज लॉस्ट की माय डाइंग ब्राइड: इंग्लिश डूम मेटलमध्ये आधी कोणाला ऐकावे?

ब्लॅक सबाथ हा इंग्लिश बँड ऐकून ज्यांना त्या संथ, जड रिफची (गिटारवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या स्वरवाक्याची) ओढ लागली आहे आणि आता डूम मेटल या मेटलच्या संथ, उदास प्रकारातल्या एखाद्या इंग्लिश बँडची सगळी कारकीर्द पहिल्या अल्बमपासून ओळीने ऐकायची आहे, त्यांच्यासाठी हा आढावा लिहिला आहे. कॅथेड्रल (हा 2013 मध्ये थांबला) आणि इलेक्ट्रिक विझर्ड हेही इंग्लंडचेच मोठे बँड आहेत. मात्र त्यांची वाट सबाथच्या रिफवरून थेट पुढे जाते. डेथ मेटलचा खर्जातला गुरगुरता आवाज आणि डूमची संथ लय एकत्र आणणारी जी दुसरी वाट 1990 च्या सुमारास उत्तर इंग्लंडमध्ये तयार झाली, तिथे निवड करण्याची खरी अडचण पॅराडाइज लॉस्ट आणि माय डाइंग ब्राइड या दोघांमध्ये येते. लिव्हरपूलच्या अनाथेमाचे नाव नेहमी यांच्याबरोबर घेतले जाते, परंतु त्यांनी काही वर्षांतच डूम सोडला आणि ते फार वेगळ्या संगीताकडे गेले, म्हणून त्यांना येथे बाजूला ठेवले आहे.

दोन्ही बँड वेस्ट यॉर्कशायरचे आहेत. पॅराडाइज लॉस्ट 1988 मध्ये हॅलिफॅक्समध्ये सुरू झाला, माय डाइंग ब्राइड 1990 मध्ये ब्रॅडफर्डमध्ये, आणि या दोन गावांमधले अंतर जेमतेम 12-13 किलोमीटर आहे. लोकरीच्या गिरण्यांवर वाढलेला आणि त्या बंद पडत गेल्यावर उदास झालेला हा मुलूख आहे. दोघांचे सुरुवातीचे अल्बम पीसव्हिल या एकाच लहान कंपनीने काढले आणि ते ड्यूसबरीच्या अकॅडमी स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाले. इतक्या सारख्या मातीतून निघालेल्या या दोन बँडच्या वाटा पुढे ज्या प्रकारे वेगळ्या झाल्या, त्यावरच आपली निवड ठरते.

पॅराडाइज लॉस्टने 1990 मध्ये 'लॉस्ट पॅराडाइज' हा पहिला अल्बम काढला. तो खरखरीत आणि काहीसा कच्चा आहे. उत्सुकता असेल त्याने तो नंतर ऐकावा. 1991 च्या 'गॉथिक'मध्ये मात्र त्यांनी गायक निक होम्सच्या गुरगुराटाला स्त्रीस्वराची आणि वाद्यवृंदाची जोड दिली, आणि गॉथिक मेटल या पुढे युरोपभर पसरलेल्या प्रकाराचे मूळ बहुतेक जण याच अल्बममध्ये शोधतात. येथे कान द्यावा तो ग्रेगर मॅकिंटॉशच्या गिटारकडे. अ‍ॅरन एडी दुसऱ्या गिटारवर खाली जाड, जवळजवळ हलतच नाही अशी रिफ धरून ठेवतो आणि मॅकिंटॉश तिच्यावर एकेक स्वर ओढत, वाकवत, एखाद्या आर्त गाण्यासारखा गिटारमधून काढत जातो. गायक गुरगुरतो आणि गिटार गाते, ही या बँडची खरी ओळख आहे. पुढे सगळे बदलले तरी ही गिटार लगेच ओळखू येते.

आणि बदल पुष्कळ झाले. 1992 चा 'शेड्स ऑफ गॉड', 1993 चा 'आयकॉन' आणि 1995 चा 'ड्रॅकोनियन टाइम्स' या तीन अल्बममध्ये गुरगुराट हळूहळू मागे पडला, गाणी आटोपशीर झाली आणि बँड युरोपातल्या मोठ्या मंचांवर पोचला. 1997 च्या 'वन सेकंड'पासून कीबोर्ड आणि इलेक्ट्रॉनिक नाद पुढे आले, आणि 1999 मध्ये ईएमआयसारख्या बड्या कंपनीकडून निघालेल्या 'होस्ट'मध्ये तर मेटल जवळपास उरलेच नाही. तो अल्बम डिपेश मोड या इलेक्ट्रॉनिक पॉप बँडच्या चाहत्याला अधिक जवळचा वाटेल. अनेक जुने श्रोते तेव्हा दुरावले. माझे मत वेगळे आहे. 'होस्ट' हा वाईट अल्बम नाही, त्यातले दुःख अस्सल आहे. फक्त डूम म्हणून तो हाती घेणाऱ्याची निराशा होईल. त्यानंतर बँड टप्प्याटप्प्याने पुन्हा जड होत गेला, 2015 च्या 'द प्लेग विदिन'मध्ये होम्सचा गुरगुराट परतला आणि 2017 चा 'मेड्युसा' हा त्यांच्या सर्वांत संथ आणि जड अल्बमांपैकी एक ठरला. 2020 चा 'ऑब्सिडियन' आणि 2025 चा 'असेन्शन' हे अल्बम जुने आणि नवे दोन्ही नाद सहजपणे एकत्र नांदवतात. ड्रमवादक बदलत राहिले, परंतु होम्स, मॅकिंटॉश, एडी आणि बासवादक स्टीव्ह एडमंडसन हे चौघे 1988 पासून एकत्र आहेत. मेटलच्या जगात अशी सोबत फार थोड्यांना लाभते.

माय डाइंग ब्राइडची गोष्ट एका जागी पाय रोवून खोल खणत जाण्याची आहे. 1992 च्या 'अ‍ॅज द फ्लॉवर विदर्स'मध्ये डेथ मेटलचा भाग अजून बराच आहे, परंतु पुढच्याच वर्षीच्या 'टर्न लूज द स्वान्स'मध्ये त्यांना आपला सूर सापडला. मेटलच्या या अल्बमचे पहिले आणि शेवटचे गाणे जड गिटारशिवाय आहे. पियानो, मार्टिन पॉवेलचे व्हायोलिन आणि अ‍ॅरन स्टेनथॉर्पचा विलापासारखा आवाज, एवढ्यावर ती उभी आहेत. व्हायोलिन येथे सजावटीसाठी वापरलेले नाही. ते रिफबरोबर, कधी तिच्याविरुद्ध, स्वतंत्र आवाजासारखे चालते.

1995 च्या 'द एंजल अँड द डार्क रिव्हर'मध्ये स्टेनथॉर्पने गुरगुरणे पूर्ण सोडले. त्याच वर्षी आयर्न मेडनने आपल्या युरोप दौऱ्यात त्यांना सोबत नेले. त्या अल्बमचे पहिले गाणे 'द क्राय ऑफ मॅनकाइंड' बारा मिनिटांचे आहे. मोजक्या स्वरांची एक गिटारची ओळ सुरू होते आणि ती जवळजवळ संपूर्ण गाणेभर तशीच फिरत राहते; तिच्याखाली ड्रम, रिफ, व्हायोलिन आणि आवाज येतात, भरतात, ओसरतात, ती ओळ मात्र हलत नाही. शेवटची काही मिनिटे तर गाणे उरतच नाही, धुक्यात हरवलेल्या जहाजाच्या भोंग्यासारखे लांब हुंकार येत राहतात. विलंबित खयाल ऐकणाऱ्या कानाला या पुनरावृत्तीचे नवल वाटू नये. एकच स्वरवाक्य पुन्हा पुन्हा आले की आपले लक्ष त्याच्या भोवतालच्या बदलांकडे जाते, आणि संथपणाचा अर्थ तिथेच उलगडतो.

त्यांनीही एकदा वाट बदलून पाहिली. 1998 च्या '34.788%... कम्प्लीट'मध्ये व्हायोलिन गेले, ट्रिप-हॉप या संथ तालाच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचे प्रयोग आले. तो अल्बम मला आजही अर्धवट वाटतो. 'होस्ट'मागचा ठाम विचार त्यात नाही. बँडने लगेच 1999 च्या 'द लाइट अ‍ॅट द एंड ऑफ द वर्ल्ड'मध्ये जुना गुरगुराट परत आणला आणि 2001 च्या 'द ड्रेडफुल आवर्स'मध्ये तो आणखी भेदक केला. व्हायोलिन परतायला मात्र 2009 उजाडले. सभासद सतत बदलले, आणि आजवरच्या सर्व अल्बममध्ये पहिल्यापासूनचे दोघेच आहेत: स्टेनथॉर्प आणि गिटारवादक अँड्र्यू क्रेगन. 2020 चा 'द घोस्ट ऑफ ओरायन' हा स्टेनथॉर्पच्या लहान मुलीच्या कर्करोगानंतरचा अल्बम आहे. ती बरी झाली, पण त्या काळाची धग काही गाण्यांत अगदी उघडी लागते. 2024 मध्ये 'अ मॉर्टल बाइंडिंग' आला, त्याच वर्षी बँडने ठरलेले कार्यक्रम मात्र रद्द केले.

शब्दांच्या बाबतीतही फरक मोठा आहे. होम्स थोडक्यात लिहितो. श्रद्धेवरचा संशय, धर्माची भीती आणि एकटेपणा हे त्याचे विषय, आणि बऱ्याचदा तो नेमके काय घडले हे सांगतच नाही. स्टेनथॉर्प जुन्या वळणाच्या इंग्रजीत प्रसंग उभे करतो, त्यात प्रेत, प्रार्थना, प्रणय आणि पाप एकाच खोलीत असतात. ज्यांना हा भडक भाव नाटकी वाटतो, त्यांना मी समजू शकतो. मला तो त्यांच्या संगीताच्या मापाचा वाटतो, कारण बारा मिनिटांच्या शोकगीताला चार ओळींचा संयम पुरत नाही.

आता निवडीकडे. ज्यांना तीन-चार मिनिटांत आकार घेणारे, लक्षात राहणारे गाणे हवे आहे, मेटलमध्ये गुरगुराट अजून खटकतो आहे, किंवा एकाच बँडबरोबर तीस-पस्तीस वर्षांची वळणे अनुभवण्याचा उत्साह आहे, त्यांनी पॅराडाइज लॉस्ट घ्यावा आणि सुरुवात 'ड्रॅकोनियन टाइम्स'पासून करावी. तो आवडला तर आधी मागे 'गॉथिक'कडे, मग पुढे 'द प्लेग विदिन'कडे जावे. मधला काळ शेवटी ऐकला तरी चालेल. रात्री दिवा घालवून तासभर एकाच ठिकाणी बसण्याची ज्यांची तयारी आहे आणि ज्यांना डूमचा गाभाच हवा आहे, त्यांनी माझ्या मते माय डाइंग ब्राइड आधी ऐकावा.

दोघांपैकी एकच निवडा असे कोणी मला विचारले, तर मी 'टर्न लूज द स्वान्स' पुढे करीन. तो चालत्या लोकलमध्ये मोबाइलच्या स्पीकरवर मात्र ऐकू नये. त्यातले पियानोचे पहिले स्वर इतके हळू आहेत की ते त्या आवाजात बुडून जातील.