नवं कोरल: नुसतं डिप, की सहा आठवडे वेगळी टाकी?

घरच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये कोरल ठेवायला लागल्यापासून पहिली चार वर्षं मी डिपवाला होतो, म्हणजे नवं कोरल किडे काढायच्या औषधी पाण्यात नुसतं बुडवून घेणारा. फ्रॅग, म्हणजे कोरलचा तोडलेला छोटा तुकडा, आणायचा, दहा-बारा मिनिटं बुडवायचा, स्वच्छ खाऱ्या पाण्यात विसळायचा आणि थेट मोठ्या टँकमध्ये. बहुतेक वेळा निभावलंही.

डिपमध्ये किडे सुटून भांड्याच्या तळाशी पडायला लागले की आपण फार हुशार आहोत असं वाटतं. अंडी मात्र जागची हलत नाहीत. आयोडीनचं डिप असो की कीटकनाशकाचं, त्यांना फारसं काही होत नाही. माझ्या केशरी मोंटिपोराखाली (हे एक कठीण सांगाड्याचं कोरल) तांदळाच्या कणीएवढे पांढरे स्लग, म्हणजे कोरल खाणाऱ्या बिनशंखाच्या गोगलगायी, दिसले, तेव्हा हे नीट कळलं. अंडी आठवडाभरात फुटतात, म्हणून दर आठवड्याला डिप हवं. पण तोवर मोंटिपोरा दगडावर पसरून घट्ट बसला होता! तो दगड काढायचा तर वरची पाच कोरलं उचकटायची. ओळीने कितीतरी रविवार मी कोपरापर्यंत हात बुडवून टॉर्चने स्लग शोधले आणि शेवटी ती कॉलनीच फेकली. वेगळ्या टाकीत तोच फ्रॅग रॅकवर सुटा राहतो. उचला, भिंगातून खालची बाजू पाहा, बुडवा, परत ठेवा.

वेगळ्या टाकीचा जाच कमी नाही. माझी 10 गॅलनची आहे, न्यू जर्सीतल्या बेसमेंटमध्ये. हिवाळ्यात हवा इतकी कोरडी की दोन दिवस आरओचं पाणी घालायला विसरलो तर खारटपणा (घनतेच्या मापात) 1.025 वरून 1.027 वर. ॲक्रोपोरा, हे आणखी एक नाजूक कठीण कोरल, लगेच रुसतो. उडालेलं पाणी आपोआप भरणारा ऑटो टॉप-ऑफ लावला आणि पाणीबदलाला मोठ्या टँकचंच पाणी वापरलं, तेव्हा कुठे जरा स्थिरावलं. फ्रॅग ज्यावर चिकटवलेला असतो तो छोटा प्लग मी पहिल्याच दिवशी तोडून टाकतो. अंडी आणि आयप्टेशिया (भराभर पसरणारं उपद्रवी ॲनिमोन) बरेचदा तिथेच असतात.

इक, म्हणजे माशांवर पांढरे ठिपके आणणारा परजीवी, कोरलसोबत येईल अशी भीती असलेले 76 दिवस, तेही बिनमाशांच्या टाकीत, थांबतात. एवढा धीर माझ्याकडे नाही, हे कबूल.

नुसते मश्रूम आणि लेदर ही मऊ कोरलं ठेवत असाल तर डिपवर भागेल, बहुधा. मोंटिपोरा किंवा ॲक्रोपोरा येणार असेल तर मी तरी टाकी आधी मांडेन. सध्या तिथे दोन फ्रॅग आहेत. गेल्या रविवारी, तिसऱ्या डिपनंतर, एकाच्या बुडाशी अंड्यांचा पांढरा ठिपका सापडला. ब्लेडने खरवडला आणि कॅलेंडरवर सहा आठवडे पुन्हा पहिल्यापासून मोजले.